पिकअप तापते? आधी कारण शोधा, मग खर्च करा

येरवडा परिसरात फळे-भाजीवाले, भंगारवाले, मंडपवाले, फर्निचर व वेल्डिंगची कामे करणारे असे कितीतरी जण आहेत, ज्यांचा रोजगार एका पिकअपवर अवलंबून आहे. २००५ साली टाटा मोटर्सने 'एस', म्हणजे आपला 'छोटा हत्ती', बाजारात आणल्यानंतर लहान व्यापाऱ्यालाही स्वतःची गाडी घेणे जमू लागले. पण हीच गाडी रस्त्यात तापून उभी राहिली की दिवसाची कमाई जाते, नाशवंत माल खराब होतो आणि दुर्लक्ष केले तर इंजिनचे मोठे काम निघते. हप्ता मात्र थांबत नाही.

ताप आलेल्या माणसाला डॉक्टर आधी विचारतो, ताप केव्हा येतो? गाडीचेही तसेच आहे. ती कोणत्या वेळी तापते हे नीट पाहिले तर निम्मे निदान घरीच होते.

पाणी फिरते कसे?

वॉटर पंप इंजिनमधील गरम पाणी रेडिएटरकडे ढकलतो, तेथे वारा व पंखा ते थंड करतात. मध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. ती साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते. आत दाब राहिल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा १५ ते २० अंश उशिरा उकळते. झाकणाचे रबर फाटले किंवा स्प्रिंग ढिली झाली की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. झाकण स्वस्त असते, म्हणून संशय आल्यास तेच आधी बदलून पाहावे.

केव्हा तापते?

गुंजन चौकासारख्या ठिकाणी गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि नगर रोडवर वेग घेताच उतरतो, तर दोष बहुधा पंख्याचा. विजेचा पंखा असेल तर फ्यूज, रिले आणि वायर तपासा. पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्टा ढिला आहे का, ते इंजिन बंद करून पाहा.

गर्दीत ठीक, पण भरल्या गाडीने सासवडकडे जाताना दिवे घाटात तापते, तर रेडिएटर चोंदला असण्याची शक्यता जास्त. बाहेरून जाळीत धूळ, किडे, पिशव्यांचे तुकडे बसतात. ते इंजिनच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावेत. जोराच्या धारेने जाळी वाकते. आतून क्षार साचतात. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले की चहाच्या पातेल्यासारखा पांढरा थर नळ्यांत बसतो. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला उघडून साफ करता येते, झाळता येते. प्लॅस्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर मात्र बहुधा बदलावाच लागतो. शिवाय कारण वजनाचेही असू शकते. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर चांगले इंजिनही घाटात तापणारच.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते आणि रेडिएटरचा खालचा पाइप थंडच राहतो, तर थर्मोस्टॅट अडकला असावा. तो काढून पातेल्यात पाण्यात ठेवून तापवावा. पाणी उकळायला आले तरी उघडला नाही तर निकामी समजावा. काही जण तो काढूनच टाकतात. तसे करू नये. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते.

पाणी रोज कमी होते, पण गळती कुठेच दिसत नाही, तर सावध व्हा. थंड गाडीचे झाकण काढून इंजिन सुरू करावे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता आहे. येथे रोज पाणी भरून काम ढकलणे महागात पडते. हेड उतरवून ते वाकले आहे का हे पट्टीने तपासावे, गरज असेल तर फेसिंग करावे, आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने व टॉर्क पान्यानेच आवळावेत.

रस्त्यात तापली तर

गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. बॉनेट उघडावे, पण झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे पाणी अंगावर उडून चेहरा आणि हात भाजतात. निदान अर्धा तास थांबून, पाइप हाताला थंड लागल्यावरच झाकण कापडाने हळू उघडावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

साध्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेले कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून वापरावे. त्याने गंज व क्षार रोखले जातात. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत, आणि पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ते बदलावे.

गॅरेज चालवणाऱ्या बांधवांना एक सूचना. झाकण, पट्टा, पंखा, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि शेवटी हेड, याच क्रमाने तपासणी करावी आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवावा. हेडचे काम सांगण्यापूर्वी बुडबुड्यांची परीक्षा त्याच्यासमोर करावी. विनाकारण इंजिन उघडले नाही याची खात्री पटलेला माणूस पुढची गाडीही तुमच्याकडेच आणतो.

गाडीमालकांनी सकाळी निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, पाणी, ऑइल आणि पट्टा एवढे तीनच पाहावे. याला पाच मिनिटे पुरतात.