पोटातली चौदा इंजेक्शने आणि मेंदूचा दरवाजा

पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, हे समीकरण आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात इतके घट्ट बसले आहे की, ती इंजेक्शने बंद होऊन वीस वर्षे उलटली तरी त्यांची धास्ती ओसरलेली नाही. अलीकडेच आमच्या परिचयाच्या एका कारकुनाच्या मुलाला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला दात लावला. जखम फार खोल नव्हती. घरातल्या आजींनी हळद-चुना लावला आणि "पोराच्या पोटात सुया खुपसायला न्यायचे नाही" असे निक्षून सांगितले. वडील सुशिक्षित, पण तेही दोन दिवस घुटमळले. आजींना हसण्याचे कारण नाही. त्यांच्या भीतीमागे अज्ञान थोडे आहे आणि आठवण फार आहे.

तशी एक आठवण प्रस्तुत लेखकाचीही आहे. आमच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी कुत्रे चावले म्हणून तालुक्याच्या गावी जाऊन रोज इंजेक्शन घेऊन येत. दहा-अकरा इंजेक्शने झाली आणि एका सकाळी त्यांना अंथरुणावरून उठता येईना. कमरेखालचे अंग लुळे पडले, लघवी अडली. गावाने निदान केले की विष चढले. ते कुत्र्याचे विष नव्हते. कुत्रे पुढे कित्येक महिने गावात हिंडताना सर्वांनी पाहिले. गुरुजींना जे झाले ते औषधाने झाले होते. अधिक नेमके बोलायचे तर, औषधाने चेतवलेल्या त्यांच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने झाले होते. ते पुढे काठी घेऊन शाळेत येऊ लागले, पण पूर्वीसारखे चालले नाहीत.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर १८८५ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जुलै महिन्यात लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचली. पिसाळरोगाचा विषाणू मज्जातंतूंत आणि मेंदूत वाढतो. तो मिळवायचा तर तेथूनच मिळवावा लागे. म्हणून पाश्चरची लस सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूंपासून बनत असे. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी कसौली येथे डेव्हिड सेंपल या लष्करी डॉक्टरने १९११ मध्ये तीत मोठी सुधारणा केली. विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, तो मेंदू वाटून त्याचा द्राव करायचा आणि कार्बॉलिक आम्लाने, म्हणजे फिनॉलने, त्यातला विषाणू मारून टाकायचा. ही लस स्वस्त होती, करायला सोपी होती आणि दूरच्या दवाखान्यांत पाठवता येत होती. कसौली, कुन्नूर, मुंबईची हाफकिन संस्था अशा ठिकाणांहून ती देशभर जाऊ लागली. प्रत्येक वेळी द्यावयाचा द्राव पुष्कळ असल्यामुळे तो पोटाच्या सैल कातडीखाली टोचत. चौदा इंजेक्शनांची कीर्ती ती हीच.

लस गुणकारी होती आणि तिने असंख्य जीव वाचवले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पण सुईतून मेलेल्या विषाणूबरोबर मेंढीचा मेंदूही शरीरात जात होता. काही शेकड्यांत, कोठे काही हजारांत एखाद्याला, इंजेक्शने चालू असतानाच किंवा ती संपता संपता ताप, डोकेदुखी आणि मग अर्धांगवायू होई. बरेचजण सावरत, काही दगावत, काहींना कायमचे व्यंग राही. हा मूळ रोगच असावा, लसीत विषाणू जिवंत राहिला असावा, असे तर्क दीर्घकाळ चालले होते.

त्यांचा निकाल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लागला. टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: विषाणू अजिबात नसलेला, निरोगी मेंदूच टोचला तर काय होईल? त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा द्राव आठवड्यातून काही वेळा, महिनोन्‌महिने टोचला. १९३३ मध्ये त्यांनी कळवले की आठपैकी दोन माकडे लुळी पडली. १९३५ च्या दुसऱ्या प्रयोगात बहुतेक सर्व पडली. माकडांच्या मेंदूत जंतू सापडला नाही. सापडले ते एवढेच की मज्जातंतूंभोवतीचे मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन जागोजाग सोलून निघाले होते आणि त्या जागी प्रतिकारक पेशींची गर्दी झाली होती. विजेच्या तारेवरचे वेष्टन जळाले की प्रवाह जसा मध्येच तुटतो, तसे त्या माकडांच्या पायांकडे जाणारे निरोप वाटेत तुटत होते.

याचा उलगडा आज आपल्याला असा करता येतो. मेंढीच्या मायलिनमधली प्रथिने आणि माणसाच्या मायलिनमधली प्रथिने यांत फार फरक नाही. मेंढीचे प्रथिन कातडीखाली दिसले की शरीराच्या रक्षक पेशी ते परके म्हणून ओळखायला शिकतात. शिकलेली पेशी मग रक्तातून हिंडत हिंडत मेंदूपर्यंत जाते, आत शिरते आणि तेथे तसलेच प्रथिन घरच्या भिंतीवर पाहून त्यावर तुटून पडते. तिच्या लेखी तिने शत्रूच पकडलेला असतो.

पण रक्षक पेशी मेंदूत शिरतातच कशा, हा प्रश्न येथे उभा राहतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक तटबंदी घातली आहे; मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बाहेरचे फारसे काही आत झिरपत नाही. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी सशाच्या मेंदूत दुसऱ्या सशाची कातडी रोवून पाहिली. अन्यत्र जी कातडी शरीराने झिडकारली असती ती मेंदूत टिकली. त्यावरून मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या हद्दीबाहेरचा प्रदेश आहे असे पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे छापले गेले. मेडावर यांच्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र तितका वाचला गेला नाही: त्याच परक्या कातडीची ओळख सशाच्या शरीराला आधी दुसरीकडे करून दिली असेल, तर मेंदूतली कातडीही नष्ट होत असे. म्हणजे तटाला दरवाजा होता, पण तो ओळखपत्र असलेल्यालाच उघडे. पुढे २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या दाखवून दिल्या आणि मेंदूतून बाहेर बातमी जाण्याची वाटही सापडली.

या साऱ्यात नियतीचा खेळ असा की, ज्या रोगासाठी ही लस दिली जाई तो रोग नेमका उलट्या कारणाने मारतो. पिसाळरोगाचा विषाणू चावलेल्या जागेपासून मज्जातंतूंच्या आतून सरकत मेंदूकडे जातो; रक्तात तो जवळजवळ येतच नाही. प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा लागतो तोवर तो तटाच्या आत पोचलेला असतो आणि दरवाजा बंद असतो. रोगी पाण्याला भिऊन तडफडत असतो, पण त्याच्या मेंदूत रक्षक पेशींची धावपळ अपेक्षेपेक्षा फारच थोडी आढळते. म्हणजे रोगात शिपाई वेळेवर आत पोचत नाहीत आणि जुन्या लसीच्या अपघातात ते कारण नसताना आत घुसतात. २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हा खेळ उलटा करून पाहिला. त्यांनी उंदरांत मायलिनविरुद्धची ही आत्मघातकी दाहप्रक्रिया मुद्दाम घडवून आणली, तेव्हा वटवाघळांतला प्राणघातक पिसाळविषाणू दिलेल्या त्या उंदरांपैकी काही वाचले. दाहाने दरवाजा उघडला आणि शिपाई आत गेले. माणसावर असला उपाय करता येणार नाही, हे सांगायला नको.

रिव्हर्स यांची माकडे मात्र वैद्यकाच्या फार उपयोगी पडली. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात, कोणी काही टोचलेले नसताना, मायलिनचा असाच नाश होतो. तरुण वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत घडवलेला हा विकार त्या रोगाची प्रतिकृती म्हणून वापरला जाऊ लागला आणि त्यातून औषधे निघाली. त्यांपैकी नॅटालिझुमॅब हे औषध रक्षक पेशींना तटाच्या दरवाजाशी चिकटूच देत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. तीनच महिन्यांत ते मागे घ्यावे लागले, कारण काही रोग्यांच्या मेंदूत एक एरवी निरुपद्रवी राहणारा विषाणू जागा झाला आणि पहारा नसल्यामुळे त्याने हाहाकार केला. २००६ मध्ये कडक अटींवर औषध परत आले आणि आज ते वापरात आहे. दरवाजा सताड उघडा ठेवणे जसे घातक, तसेच तो कुलूपबंद करणेही. या रोगाला एप्स्टाइन-बार या सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूचा संसर्ग बव्हंशी कारण असावा, असे अमेरिकी सैनिकांच्या प्रदीर्घ नोंदींवरून २०२२ मध्ये दिसून आले आहे. विषाणूशी लढताना शिकलेली ओळख मेंदूच्या प्रथिनाशी चुकून जुळते, असा त्यामागचा एक तर्क आहे. सेंपलच्या लसीची जातकुळी येथेही ओळखू येते.

नॅटालिझुमॅबला परवानगी मिळाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २००४ मध्ये, भारताने मेंढीच्या मेंदूची लस बनवणे बंद केले. हा योगायोग आम्हाला अस्वस्थ करणारा वाटतो. अपघाताचे कारण १९३५ पासून ठाऊक होते. नवजात उंदरांच्या मेंदूत मायलिन नगण्य असते, हे हेरून चिलीमध्ये १९५५ च्या सुमारास त्यापासून लस केली गेली. मेंदू पूर्णपणे टाळून मानवी पेशींत वाढवलेली लस १९७० च्या दशकात तयार झाली. इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्यांनी व कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना ती दिली आणि सर्व वाचल्याचे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना १९८० च्या दशकापासून जुनी लस सोडा असे सांगत होती. तरीही आपल्याकडे वीस वर्षे दोन लसी नांदल्या: ज्याच्या खिशात पैसे असत तो औषधाच्या दुकानातून नवी लस विकत घेई आणि ज्याच्याजवळ नसत तो सरकारी दवाखान्यात पोट उघडे करून रांगेत बसे.

जुनी लस द्यायलाच नको होती, असे मात्र कोणी म्हणू नये. पिसाळरोगाची लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्यासमोर एका बाजूला हे जवळपास निश्चित मरण आणि दुसऱ्या बाजूला काही शेकड्यांत एक असा धोका असेल, तर निवड कोणती करायची याबद्दल दुमत संभवत नाही. अडचण आमच्या गुरुजींसारख्यांची होती. कुत्रे पिसाळलेले नसतानाही केवळ खात्री नाही म्हणून पूर्ण क्रम घेणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि त्यांच्यासाठी तो धोका निव्वळ तोट्याचा होता. स्वस्तपणाचा हिशेब मांडताना त्यांच्या लुळ्या पायांची रक्कम कोणत्याच खात्यात धरली गेली नाही. आज काहीजण या इतिहासाचा दाखला देऊन सरसकट सर्व लसींवर संशय घेतात, तेही तितकेच चूक आहे; दोष लसीकरणाच्या कल्पनेत नव्हता, लसीबरोबर आत जाणाऱ्या मेंदूत होता, आणि तो मेंदू आता लसीत नाही.

अखेर त्या कारकुनाच्या मुलाला तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात नेले. परिचारिकेने आधी साबण आणि वाहते पाणी घेऊन जखम पंधरा मिनिटे धुतली आणि हळद-चुन्याबद्दल वडिलांना चार शब्द सुनावले. मग दोन्ही दंडांवर कातडीत अगदी बारीक सुईने लस टोचली. जखमेतून रक्त आले होते म्हणून तयार प्रतिपिंडांचे औषधही जखमेभोवती भरले. पुन्हा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यायचे, पैसे पडणार नाहीत, असे सांगून तिने कागदावर तारखा लिहून दिल्या. घरी आल्यावर आजींनी मुलाचा सदरा वर करून पोट नीट तपासून पाहिले.