मधुमेहाचा दवाखाना : मोजमाप कशाकशाचे?

माझे एक मामा दर तीन महिन्यांनी रक्तातील साखर तपासून घेत. तपासणीच्या दोन दिवस आधीपासून ते भात बंद करीत, चहा बिनसाखरेचा घेत आणि सकाळ-संध्याकाळ नदीपर्यंत फिरून येत. दवाखान्यातून परतले की हातातला कागद आम्हा भाच्यांपुढे नाचवीत म्हणत, "एकशे अठरा! पास झालो बघा!" त्या संध्याकाळी घरात जिलबी येई.

एका वैशाखात मामा देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. अंगणातली फरशी इतकी तापली होती की बाकीची माणसे धावत सावली गाठत होती. मामा मात्र शांतपणे चालत होते. घरी आल्यावर मामीने त्यांच्या तळव्यांवरचे फोड पाहिले. मामांना त्यांचा पत्ताही नव्हता! जखम चिघळली आणि अखेर पायाची दोन बोटे काढून टाकावी लागली.

मामांच्या दवाखान्यात चपला दाराशीच काढाव्या लागत. म्हणजे दर खेपेस त्यांचे पाय उघडेच असत. पण त्या पायांकडे कधी कोणी पाहिले नव्हते. डॉक्टर हुशार होते, मनाने चांगले होते. परंतु बाहेर बाकांवर माणसे दाटीवाटीने बसलेली असत. एक आकडा पाहायचा, गोळ्या लिहून द्यायच्या आणि पुढच्याला बोलवायचे, अशी रीत पडून गेली होती.

विद्यार्थी मित्रहो, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कोणीतरी असणारच. म्हणून मधुमेहाच्या चांगल्या दवाखान्यात कशाकशाचे मोजमाप व्हायला हवे, ते आज पाहू.

एका क्षणाचा आकडा

आपण खाल्लेल्या अन्नापासून ग्लुकोज तयार होते आणि रक्तातून शरीरभर फिरते. ते पेशींमध्ये शिरण्यासाठी इन्शुलिन लागते. हे इन्शुलिन स्वादुपिंडात तयार होते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पेशी इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत आणि हळूहळू इन्शुलिनही अपुरे पडू लागते. मग ग्लुकोज रक्तातच साठते. ही वाढलेली साखर वर्षानुवर्षे राहिली, तर डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि हृदय यांना इजा होते. बहुतेक वेळा ही इजा बराच काळ दुखत नाही, आणि म्हणूनच ती घातक ठरते.

सकाळी उपाशीपोटी मोजलेली साखर त्या सकाळची असते. समजा, पुण्याहून कोल्हापूरला निघालेली एस. टी. किती वेगाने गेली, हे तुम्हाला शोधायचे आहे. नाक्यावर पोलीस दिसताच ड्रायव्हरने वेग कमी केला आणि नेमके तेव्हाच तुम्ही वेगमापकाकडे पाहिले, तर काय कळेल? तो त्या क्षणाचा वेग झाला. प्रवासाचा सरासरी वेग त्यावरून समजणार नाही. मामांचे 'एकशे अठरा' हे नाक्यावरचे वाचन होते.

मग सरासरी कशी काढायची? ही सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला रक्तातले ग्लुकोज सावकाश चिकटत जाते. साखर जितकी जास्त, तितके ते अधिक चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे साखर चिकटलेले हिमोग्लोबिन शेकडा किती, हे मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. मधुमेही माणसांच्या रक्तातील हे वेगळे हिमोग्लोबिन सॅम्युएल राहबार या इराणी शास्त्रज्ञाने तेहरानमध्ये १९६८ साली दाखवून दिले. या तपासणीला 'एचबीए१सी' म्हणतात. तिचा आकडा ७ टक्के आला, तर सरासरी साखर १०० मिलिलिटरला सुमारे १५४ मिलिग्रॅम असते. दोन दिवस भात सोडून हा आकडा फसत नाही!

अर्थात या मोजमापालाही मर्यादा आहेत. रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त भरले असेल, तर तांबड्या पेशींचे सरासरी वय बदलते आणि आकडा चुकू शकतो. हे लक्षात ठेवूनच चांगला डॉक्टर त्याचा अर्थ लावतो.

दहा ग्रॅमचा दोरा

आता पायांकडे वळू. तळव्याची संवेदना कमी झाली आहे की नाही, हे कसे मोजावे? "पायाला कळते का?" असे विचारून भागत नाही. संवेदना हळूहळू जाते, त्यामुळे माणसाला तिची उणीव जाणवत नाही. बोटाने दाबून पाहावे, तर एक डॉक्टर हलकेच दाबील आणि दुसरा जोरात. म्हणजे दर वेळी नेमके तेवढेच बल लावणारे साधन हवे. असे साधन अगदी स्वस्त आहे : दांडीला बसवलेला नायलॉनचा एक आखूड दोरा!

त्यामागचे भौतिकशास्त्र तुम्ही घरी पडताळून पाहू शकता. खराट्याचा एक सरळ, एकसारख्या जाडीचा हीर घ्या. त्याचा सुमारे ३० सेंटिमीटरचा तुकडा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर उभा धरा आणि वरच्या टोकावर बोटाने हळूहळू दाबा. चेहरा मात्र दूर ठेवा. आधी काट्यावरचा आकडा वाढत जाईल. मग हीर एकाएकी मध्येच वाकेल. त्यानंतर थोडे अधिक दाबले तरी हीर जास्त वाकेल, पण आकडा फारसा वाढणार नाही. आता हीर मधोमध तोडून अर्ध्या तुकड्यावर तोच प्रयोग करा. तो वाकवायला साधारण चौपट बल लागेल.

हे गणित लिओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात मांडले. बारीक खांब किती बलाला वाकेल, हे त्याची लांबी, जाडी आणि पदार्थाचा ताठपणा यांवर ठरते. दाबणाऱ्या हाताच्या जोरावर ते अवलंबून नसते. म्हणून नायलॉनच्या दोऱ्याची जाडी आणि लांबी नीट निवडली, तर तो बरोबर १० ग्रॅम वजनाइतक्या, म्हणजे सुमारे ०.१ न्यूटन बलाला वाकतो. मग तो मुंबईतल्या तज्ज्ञाच्या हाती असो की खेड्यातल्या परिचारिकेच्या.

तपासणी सोपी आहे. रोग्याने डोळे मिटायचे. परिचारिका तळव्याच्या ठरावीक ठिकाणी दोरा टेकवून तो वाकेपर्यंत दाबते. स्पर्श कळला की रोग्याने "हो" म्हणायचे. जेथे "हो" येत नाही तेथे धोका आहे, असे समजायचे. याच्या जोडीला सेकंदाला १२८ कंपने करणारा नादकाटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंप जाणवतो का, तेही पाहतात. प्रयोगशाळेत तुम्ही वापरता तसलाच हा नादकाटा! दोन्ही मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत. ही पाच मिनिटे मामांना वेळेवर मिळाली असती, तर तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका, रोज रात्री तळवे पाहा, असे त्यांना कोणीतरी सांगितले असते.

न दुखणाऱ्या गोष्टी

डोळ्यांचेही तसेच आहे. दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागल्या तरी सुरुवातीला नजर चांगली असते. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून किंवा खास कॅमेऱ्याने दृष्टिपटल पाहावे लागते. मूत्रपिंडे बिघडू लागली की लघवीत अल्ब्युमिन नावाचे प्रथिन झिरपू लागते, तेही आधी फक्त तपासणीतच दिसते. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवायला हवे. दंडाला बांधायचा पट्टाही योग्य मापाचा हवा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो.

इंग्लंडमध्ये मधुमेहाच्या सेवेचा जमाखर्च राष्ट्रीय पातळीवर मांडतात. त्यात प्रत्येक रोग्याच्या आठ गोष्टी वर्षभरात तपासल्या गेल्या की नाही, ते पाहतात : एचबीए१सी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, पाय, उंचीच्या मानाने वजन आणि धूम्रपान. डोळ्यांच्या तपासणीची वेगळी योजना आहे.

मोजले, पुढे काय?

नुसत्या मोजण्याने रोग हटत नाही. आकडा पाहून उपचार बदलावे लागतात. त्याने किती फरक पडतो? ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नव्यानेच मधुमेह आढळलेल्या ५,१०२ जणांना घेतले होते. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाचा एचबीए१सी दहा वर्षे सरासरी ७.९ टक्के होता, तर अधिक काटेकोर उपचार मिळालेल्या गटाचा ७.०. फरक फक्त ०.९ चा. पण डोळे, मूत्रपिंडे यांसारख्या अवयवांतील बारीक रक्तवाहिन्यांचे विकार दुसऱ्या गटात २५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवला, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले.

तुम्ही म्हणाल, "आपल्याकडच्या गर्दीत हे कसे जमावे?" त्याचेही उत्तर शोधले गेले आहे. भारत आणि पाकिस्तानातील १० दवाखान्यांत १,१४६ रोग्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांसाठी डॉक्टर नसलेला एक प्रशिक्षित मदतनीस नेमला. कोणाची तपासणी राहिली, कोण आले नाही, यावर तो लक्ष ठेवी. त्याच्या जोडीला संगणकावरची नोंदवही होती आणि ती डॉक्टरांना उपचार सुचवी. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. साखरेचे लक्ष्य आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एकाचे लक्ष्य गाठणारे नेहमीच्या सेवेत ८.१ टक्के होते, तर मदतनिसांच्या गटात १८.२ टक्के. म्हणजे दुपटीहून अधिक! तरीही शंभरातले ऐंशीहून अधिक लोक मागेच राहिले, हेही विसरून चालणार नाही.

मित्रहो, असा मदतनीस तुम्हीही होऊ शकता. शंभर पानी वहीत आजी-आजोबांसाठी एक तक्ता आखा. वर सांगितलेल्या तपासण्या एका बाजूला आणि तारखा दुसऱ्या बाजूला लिहा. कोणता रकाना रिकामा आहे ते पाहा आणि पुढच्या खेपेस वही घेऊन त्यांच्याबरोबर जा. औषधे कमी-जास्त करणे हे डॉक्टरांचे काम, त्यात आपण हात घालायचा नाही. पण "डॉक्टर, आजोबांचे पाय एकदा पाहाल का?" असे नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

मामा आता दर रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहतात. परवा त्यांनी मला वही दाखवली. सगळे रकाने भरलेले होते. "पास झालो" असे मात्र ते आता म्हणत नाहीत.