डोंगल झोपला, उठवणार कोण?

आदल्या रात्रीपर्यंत नीट चालणारा प्रोजेक्ट नेमका व्हायवाच्या दिवशी बंद पडतो. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत हे झालेलं असणारच. मग काय करता? यूएसबी काढायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायची. चालू! सर खूश, तुम्हीही खूश. पण नेमकं काय बिघडलं होतं, हे कुणालाच कळलेलं नसतं. आणि प्रोजेक्ट लॅबच्या टेबलावर नसून नदीकाठच्या खांबावर असेल, तर वायर काढून लावायला तिथं कोण जाणार?

पेण-रोह्याकडचे असाल तर पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याच्या बातम्यांत सावित्री, अंबा, कुंडलिका, पाताळगंगा यांच्या पाण्याच्या पातळ्या येत असतात. समजा, तुमच्या ग्रुपनं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कुंडलिकेची पातळी मोजणारं यंत्र बनवलं. एक सेन्सर, लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, मोबाइल नेटवर्कसाठी यूएसबी डोंगल, सोलर पॅनल आणि बॅटरी. दर 15 मिनिटांनी पातळी मोजायची आणि सर्व्हरला पाठवायची. मे महिन्यात मस्त चाललं. जूनमध्येही चाललं. जुलैमधल्या एका रात्री पाऊस धो-धो कोसळतोय आणि रात्री 1 वाजल्यापासून आकडेच येत नाहीत. बोर्ड चालू आहे, सेन्सर चालू आहे, डोंगलचा दिवाही लागलाय. पण डोंगल बोलत नाही. ज्या रात्रीसाठी यंत्र बनवलं, त्याच रात्री ते मुकं!

झोप येते कुठून?

यूएसबीला झोपायची सवय आहे आणि ती चांगली सवय आहे. नियम असा, की बसवर 3 मिलिसेकंद काहीच हालचाल दिसली नाही, तर उपकरणानं ‘सस्पेंड’ म्हणजे झोपेत जायचं. यूएसबी 2.0 च्या नियमांप्रमाणे काम करताना उपकरण 500 मिलिअँपिअरपर्यंत करंट घेऊ शकतं. झोपेत मात्र फक्त अडीच मिलिअँपिअर.

लिनक्समध्ये याच्यावर आणखी एक सोय आहे, ‘ऑटोसस्पेंड’. उपकरण काही काळ रिकामं बसलंय असं दिसलं, की कर्नल त्याला झोपवतो. हा काळ सहसा 2 सेकंदांचा ठेवलेला असतो. सुरुवातीला कर्नल ही सोय फक्त हबसाठी चालू ठेवतो, कारण झोपेतून नीट न उठणारी उपकरणं बाजारात भरपूर आहेत. पण काही ड्रायव्हर आणि बॅटरी वाचवणारी सॉफ्टवेअर्स ती इतरांसाठीही चालू करतात.

आता मे महिन्यात का चाललं, ते बघा. टेस्टिंग करताना तुम्ही दर सेकंदाला आकडा पाठवत होता. डोंगलला सलग 2 सेकंद निवांत मिळालेच नाहीत, म्हणजे तो झोपलाच नाही! बॅटरी पुरावी म्हणून जूनमध्ये 15 मिनिटांचं अंतर ठेवलं, तेव्हा तो पहिल्यांदा झोपायला लागला. म्हणजे तुम्ही जे तपासलं ते एक आणि जे नदीवर लावलं ते दुसरंच.

जुगाडाचा हिशेब

सीनियर लगेच सांगतील, ‘अरे, ऑटोसस्पेंड बंद करून टाक ना!’ एका ओळीचं काम आहे आणि यंत्र चालायला लागेलही. पण ढोबळ हिशेब करून बघा. डोंगल जागा असताना 5 व्होल्टवर 200 मिलिअँपिअर घेतो असं धरू. म्हणजे 1 वॅट. दिवसाचे 24 तास जागा ठेवला तर 24 वॅट-तास. दर 15 मिनिटांनी एकच मिनिट उठवला आणि बाकी वेळ तो नियमाप्रमाणे झोपला, तर दिवसाला जेमतेम 2 वॅट-तास. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीत भरून भरून 84 वॅट-तास असतात. नुसत्या डोंगलपायी ती साडेतीन दिवसांत संपेल, बोर्ड आणि सेन्सरचा खर्च वेगळाच. कोकणातल्या पावसाळ्यात सूर्य किती दिवस तोंड दाखवत नाही, ते तुम्हाला सांगायला नको.

पेणच्या कारखान्यात मूर्तीला तडा गेला, तर वरून रंग लावून तो झाकता येतो. पण आतली माती तशीच राहते आणि तडा पुन्हा वर येतो. सरसकट झोप बंद करणं हे असं रंगकाम आहे. आज डोंगल बोलेल, चार दिवसांनी बॅटरीच मरेल.

आधी हद्द शोधा

दिवा-रोहा गाडीनं जाणाऱ्यांना माहीत असेल, रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. गाडी अडकली तर पहिला प्रश्न एकच, कुणाच्या हद्दीत? यूएसबीतही अशाच हद्दी आहेत. उपकरण, त्यातलं फर्मवेअर, वायर आणि हब, बोर्डवरचा होस्ट कंट्रोलर, कर्नलचा यूएसबी विभाग, त्यावर ड्रायव्हर आणि सगळ्यात वर तुमचा प्रोग्रॅम. डिबगिंग म्हणजे या हद्दी एकेक करून बाद करत जाणं. त्यासाठी महागडं काही लागत नाही.

पहिली पायरी, कर्नलची डायरी वाचा. ‘डीमेसेज’ ही कमांड दिली की कर्नलच्या नोंदी दिसतात. तिथं ‘डिसकनेक्ट’ दिसलं आणि लगेच नव्या नंबरानं तेच उपकरण पुन्हा आलं, तर ते बसवरून पूर्ण तुटलं होतं. संशय वायर, जोड किंवा अपुऱ्या विजेवर घ्या. डोंगराआड सिग्नल कमकुवत असेल तर डोंगल जास्त करंट ओढतो आणि बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं. नोंद ‘रीसेट’ची असेल आणि नंबर तोच असेल, तर गोष्ट वेगळी. उपकरण जागेवरच आहे, पण उत्तर देईना म्हणून कर्नलनं त्याला हलवून उठवलंय.

दुसरी पायरी, झोपेची वही बघा. लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या नावाचं एक फोल्डर असतं, त्यात ‘पॉवर’ नावाचं आणखी एक. तिथल्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑन’ असेल तर झोप बंद, ‘ऑटो’ असेल तर चालू. ‘रनटाइम स्टेटस’ सांगते की आत्ता ते जागं आहे की झोपलंय. ‘कनेक्टेड ड्युरेशन’ आणि ‘अॅक्टिव्ह ड्युरेशन’ हे दोन आकडे शेजारी ठेवले, की जोडल्यापासून किती वेळ ते जागं होतं, तेही कळतं.

तिसरी पायरी, एकच गोष्ट बदला. फक्त डोंगलच्या ‘कंट्रोल’मध्ये ‘ऑन’ लिहा, बाकी सगळं तसंच ठेवा. बिघाड गायब झाला तर झोपेशी संबंध आहे हे पक्कं. इथं ‘ऑन’ हा तपास आहे, उपाय नाही. एकाच वेळी वायरही बदलली, प्रोग्रॅमही बदलला, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही.

चौथी पायरी, संभाषण ऐका. ‘यूएसबीमॉन’ ही कर्नलचीच सोय आहे. होस्टनं काय मागितलं, उपकरणानं काय उत्तर दिलं, हे सगळं त्यात नोंदलं जातं आणि वायरशार्कमध्ये उघडून वाचता येतं. तारेवरचा प्रत्यक्ष सिग्नल मात्र त्यात दिसत नाही. त्यासाठी वेगळा अॅनालायझर लागतो. बहुतेक वेळा तिथवर जायची वेळच येत नाही.

एक लक्षात ठेवा, झोपवणारा दरवेळी सॉफ्टवेअरच असतो असं नाही. छोटा बोर्ड पॉवर बँकवर चालवता आणि तो आपोआप बंद पडतो? करंट फार कमी जातोय असं दिसलं की अनेक पॉवर बँका ‘फोन चार्ज झाला’ असं समजून स्वतःच बंद होतात. ड्रायव्हरमध्ये शोधत बसाल तर रात्र जाईल.

ड्रायव्हर चुकतो कुठे?

तपास ड्रायव्हरच्या हद्दीत आला, तर तीन जागा आधी बघा.

पहिली, हजेरी. वर्गात येणारा प्रत्येक जण फळ्यावरचा आकडा एकनं वाढवतो, जाणारा एकनं कमी करतो आणि शून्य झालं की पंखा बंद. ड्रायव्हरही असाच आकडा ठेवतो. काम सुरू करताना ‘गेट’, संपल्यावर ‘पुट’. एक ‘पुट’ विसरला तर उपकरण कधीच झोपणार नाही. एक जास्त झाला तर ते काम चालू असतानाच झोपेल. ही चूक बहुतेकदा एरर आल्यावर फंक्शनमधून मध्येच बाहेर पडणाऱ्या वाटेवर लपलेली असते, कारण ती वाट कुणी टेस्ट केलेली नसते.

दुसरी, अर्धवट मागण्या. झोपण्याआधी ड्रायव्हरनं होस्टकडच्या चालू मागण्या थांबवायच्या असतात आणि उठल्यावर पुन्हा लावायच्या असतात. हे दुसरं विसरलं तर उपकरण जागं दिसतं, एररही नाही, पण डेटा मात्र शून्य.

तिसरी, स्मरणशक्ती. साध्या झोपेतून उठलेल्या उपकरणाला आपल्या सेटिंग्ज आठवत असतात. पण झोपेत वीज घसरली किंवा रीसेट झाला, तर ते सगळं विसरलेलं असतं. म्हणून लिनक्समध्ये ‘रिझ्यूम’ आणि ‘रीसेट-रिझ्यूम’ असे दोन वेगळे कप्पे आहेत. घाईत लिहिणारे दोन्हीकडे एकच फंक्शन टाकून मोकळे होतात.

आपल्या समजा-वाल्या गोष्टीतली ती रात्र आठवा. दोन दिवस ऊन नाही, बॅटरी उतरलेली, झोपलेल्या डोंगलचं व्होल्टेज घसरलं. 1 वाजता उठवल्यावर तो उत्तर देईना, कर्नलनं रीसेट केला. डायरीत नोंद ‘रीसेट’ची, नंबर तोच. डोंगल जागा झाला, पण कोराच. ड्रायव्हरला वाटलं त्याला सगळं आठवतंय. जूनमध्ये बॅटरी भरलेली होती, म्हणून ही वेळ आली नव्हती. उपाय चार-पाच ओळींचा, रीसेटनंतर सेटिंग्ज पुन्हा भरा. पण त्या ओळी कुठं लिहायच्या, हे कळणं हेच खरं काम.

‘चालतंय’ म्हणजे काय?

दुरुस्ती केली, एकदा उठवून बघितलं, चाललं. एवढ्यावर थांबू नका. दर 10 सेकंदांनी झोपवून उठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. 500 फेऱ्या दीड तासाच्या आत होतात. मग लॅबमधल्या पॉवर सप्लायवर व्होल्टेज 5 वरून हळूहळू खाली आणत तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवा. बिघाड मुद्दाम घडवून आणता आला, आणि दुरुस्तीनंतर तसाच प्रयत्न करूनही तो घडला नाही, तरच म्हणा सुटला.

कधी कधी दोष उपकरणाच्या फर्मवेअरमध्येच निघतो आणि आपल्या हातात काही नसतं. तेव्हा झोप बंद करणं हेच योग्य उत्तर असतं, पण फक्त त्या एका उपकरणासाठी आणि कारण लिहून ठेवून. लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘क्वर्क्स’ नावाची अशीच एक यादी आहे. कुठला वेबकॅम, कुठला स्कॅनर, कुठला कीबोर्ड झोपेतून नीट उठत नाही आणि त्याला कसं सांभाळायचं, हे त्यात नोंदलेलं आहे. त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी असाच तपास करून लिहिलेली आहे. ती ओळ आहे म्हणून आज दुसऱ्या कुणाची रात्र वाचते.

हे शिकायला गाव सोडावं लागत नाही. पुढं याच वाटेनं जायचं असेल तर जिल्ह्यातच लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, पुण्याच्या सी-डॅकमध्ये एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. पण सुरुवात आज रात्रीही होईल. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, यूएसबी माऊस लावा, त्याच्या ‘कंट्रोल’मध्ये ‘ऑटो’ लिहा आणि हात बाजूला घ्या. काही सेकंदांनी त्याचा लाल दिवा मंदावतो का बघा. मग नुसता हलवून बघा, नाही उठला तर क्लिक करून बघा. काही माऊस फक्त क्लिकनंच उठतात. तुमचा कशानं उठला आणि का, ते वहीत लिहा. ‘ऑन’ लिहिलं की सगळं पूर्ववत होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. वहीचं पहिलं पान तरी भरेल!