पंडिता आणि त्रैक्य

वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरी म्हटली जाते. तिच्यात ‘रहस्ये’ असतात. आनंदाची, दुःखाची, गौरवाची अशी पूर्वी पंधरा होती. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच घातली आणि वीस झाली. कुमारीच्या पोटी मूल कसं, मेलेला तिसऱ्या दिवशी उठला कसा, असं माळ हाती घेतलेल्या आजीला विचारलं तर ती त्या भानगडीत पडणार नाही. पुढचा मणी धरील.

आजीचं मला नवल वाटत नाही. कुतूहल आहे ते ज्यांचा जन्म शास्त्रार्थात गेला त्यांचं. मराठी समाजात अशी दोन माणसं होऊन गेली, दोघं चित्पावन, दोघं संस्कृत पंडित. नीलकंठशास्त्री गोऱ्हे आणि पंडिता रमाबाई.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बुद्धी गहाण टाका आणि मग या, असं चर्चने कधी शिकवलेलं नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सीमा आखून दिली ती अशी : देव आहे एवढं माणसाची बुद्धी आपल्या बळावर ओळखू शकते; पण तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकात तीन, म्हणजेच त्रैक्य, आहे, हे त्यानेच सांगितल्याशिवाय तिला कळणार नाही. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने हाच विचार अधिकृतपणे मांडला. रहस्य बुद्धीच्या विरुद्ध नाही, तिच्या पलीकडचं आहे. खुद्द थॉमसनी ६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्सा झाल्यावर आपला प्रचंड ग्रंथ अर्धवट सोडला आणि लेखणी पुन्हा हाती घेतली नाही. काही महिन्यांतच ते वारले. तर्काचा एवढा मोठा कारागीर तिथे थांबला.

आता गोऱ्हे. जन्म १८२५चा, वाढले काशीत. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती धर्म तर्काने सिद्ध करायचा घाट घातला होता. विशीही न गाठलेल्या नीलकंठशास्त्र्यांनी त्याला संस्कृतातच उत्तर लिहिलं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. त्यातला मुद्दा बघण्यासारखा आहे. आधी शास्त्रावर श्रद्धा, तर्क तिच्या मागून, असं ते पादऱ्यांना बजावत होते! पुढे १८४८ साली जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६०च्या ‘षड्दर्शनदर्पणा’त तोच तर्क सहा दर्शनांवर चालवला. मिशनऱ्यांना ते पुस्तक अर्थातच आवडलं. पण ज्या हत्याराने दुसऱ्याचं घर पाडलं त्याने स्वतःचं बांधता येतंच असं नाही. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी गोऱ्ह्यांची पाठ सोडली नाही. पुढे ते पाद्री झाले, पोशाखात आणि राहणीत फकिरासारखे साधे राहिले आणि १८९५ साली मुंबईत वारले. रमाबाईंवर त्यांचा प्रभाव होता, हे रमाबाईंनीच सांगून ठेवलं आहे.

रमाबाईंची गोष्ट अधिक मोकळी आहे, कारण त्यांची पत्रं उपलब्ध आहेत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वॉन्टेज इथे, अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना, त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. इकडच्यांना वाटलं, पंडिता फितली. तिकडच्यांना वाटलं, पंडिता आता आपली झाली. दोघांचाही अंदाज चुकला.

त्यांना ओढलं होतं ते सिद्धांतांनी नव्हे. मठाच्या जोगिणी लंडनमध्ये पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत, तो पाहून त्या चकित झाल्या. इथे अशा बाईला दार बंद असतं, तिथे तिला जेवू घालत होते. हे कशासाठी, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. तिथे ख्रिस्त त्यांना पटला.

त्रैक्य मात्र पटलं नाही. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकताना त्यांनी ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर आणि त्रैक्यावर एकामागून एक शंका काढल्या. अथानासियसच्या नावाने चालणारा विश्वासाचा मोठा अंगीकार असा : त्यात त्रैक्याची बारीक व्याख्या आहे आणि ती न मानणाऱ्याचा नाश होईल अशी ताकीदही. रमाबाईंना ते मान्य नव्हतं. बायबलात जे स्पष्ट दिसेल तेवढंच मी मानीन, हा त्यांचा हट्ट. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना हा अहंकार वाटला. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र शंका शांतपणे ऐकून घेतल्या. रमाबाईंनी जेराल्डीनना कळवलं, की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने झुगारलंय, दुसरं मानेवर घेणार नाही. क्रुसावर लॅटिन शब्द पाहिजेत म्हटल्यावर, संस्कृतात काय कमी आहे, असंही त्यांनी विचारलं. (मला हे पत्र त्यांच्या सगळ्या धर्मचर्चेपेक्षा प्रिय आहे.)

मग त्या बदलल्या कशा? वादात हरल्या, असं दिसत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात, १९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत लिहिली. तिच्यात त्या म्हणतात, की बाप्तिस्म्याने मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम हे कॉर्नवॉलमधले पाद्री. आपलंच प्रवचन देता देता त्यांचं मन पालटलं. त्यांचं आत्मचरित्र रमाबाईंच्या हाती पडलं आणि बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली केलं. शंका एकेक करून फिटल्या नाहीत. त्यांचं वजन गेलं. माणसाची नीट ओळख पटली, की त्याच्याबद्दल न कळलेल्या गोष्टी अडसर होत नाहीत, तसं काहीसं हे असावं. इथे पंडिता आजीच्या जवळ आली असं म्हणायचा मोह होतो, पण वाट किती लांबची होती ते विसरता येत नाही.

आणि बुद्धी? ती कामालाच लागली. दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिल्यावर, त्यांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत बायबल हवं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतजड होतं. शिवाय काही शब्दांना वेदान्ताचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. चाळीस वर्षांपूर्वी पुराणं सांगत गावोगाव फिरलेली बाई आता तेच संस्कृत बाजूला सारत होती.

भाषांतरात रहस्य टाळता येत नाही. योहानाच्या पहिल्याच ओळीत शब्द देवाजवळ आहे आणि तो स्वतः देवही आहे. चेल्टनहॅमला याच्यावर पानंच्या पानं भांडता आलं. केडगावात मात्र कर्ता आणि क्रियापद नेमकं ठेवायचं होतं, आपली शंका किंवा आपली खात्री त्यात न मिसळता. काम बरीच वर्षं चाललं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तोवर मजकूर पुरा झाला होता. मिशनच्या छापखान्यात बायकांनी तो छापला आणि १९२४ साली पूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.