पाण्याची ठेव आणि तिचे राखणदार

हिवाळी खेळ बर्फावर चालतात आणि बर्फ पडणे न पडणे माणसाच्या हाती नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये काश्मीरमधील गुलमर्ग येथे व्हावयाच्या राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा पुरेसा बर्फ नसल्यामुळे मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी खेळाडूंचा सराव तर बुडतोच. पण वाटाडे, घोडेवाले आणि खाणावळवाले यांची वर्षाची मिळकतही बुडते. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे यावर एक साधा उपाय योजला आहे. हिवाळ्यातील बर्फाची रास लाकडाच्या भुशाच्या जाड थराखाली उन्हाळाभर झाकून ठेवावयाची आणि पुढचा मोसम सुरू होताना तोच बर्फ पसरून स्कीइंगची वाट तयार करावयाची. हवामान गावाच्या आटोक्यात नाही. साठवण मात्र आहे. हा भेद ध्यानात घेतला, म्हणजे जेथे बर्फ कधीच पडत नाही अशा बंगळूरच्या यशवंतपूर भागाची समस्याही उमगते.

यशवंतपूर प्रवाशांना ठाऊक आहे ते मोठे रेल्वेस्थानक म्हणून, आणि व्यापाऱ्यांना कृषी उत्पन्नाची बाजारपेठ म्हणून. हा सारा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेला आहे. जवळ मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उतारावर बांध घालून तळ्यांच्या माळा रचल्या. एक तळे भरले की सांडव्यावरून वाहिलेले पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जाई. पाणी वाटून देण्यासाठी गावोगाव ‘नीरगंटी’ असत. आपल्याकडील पाटकऱ्यांसारखेच ते. यशवंतपूरनजीकचे सँकी तळे हे त्याच परंपरेतले पुढचे पाऊल होय. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर थोड्याच वर्षांत, १८८२ साली, कर्नल रिचर्ड सँकी यांनी ते बांधविले.

पुढे हेसरघट्ट्याहून आणि त्यानंतर सुमारे शंभर किलोमीटरांवरील कावेरीतून नळाने पाणी येऊ लागले. घरात नळ आला की अंगणातली विहीर अडगळ वाटू लागते; शहराला तळी तशीच वाटू लागली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक उभे राहिले, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण झाले. या चुकीची किंमत आता कळते आहे. हवा तापली की ती अधिक बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळतो आणि मधले कोरडे दिवस लांबतात. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या अनेक वसाहती पाण्यात बुडाल्या. २०२३ चा पावसाळा अपुरा झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात, अधिकृत आकड्यांनुसार, शहरातील सुमारे चौदा हजार सार्वजनिक कूपनलिकांपैकी निम्म्याच्या आसपास आटल्या. पूर आणि टंचाई ही दोन संकटे दिसतात निराळी, पण पाणी थोपवून धरणारे भांडे हरवले, हे त्या दोहोंमागचे एक मोठे कारण आहे.

ते भांडे परत मिळविण्याचे काम ठिकठिकाणच्या रहिवाशांनी हाती घेतले आहे. यशवंतपूरला लागून असलेल्या मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वर मंदिरास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. या मंदिरासमोर मातीखाली गाडली गेलेली नंदीतीर्थाची पुष्करिणी गेल्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या आग्रहामुळे उकरली गेली आणि जिवंत झरा पुन्हा प्रकाशात आला. दक्षिणेकडील पुट्टेनहळ्ळी येथे २०१० साली रहिवाशांनी विश्वस्त मंडळ स्थापून आपले मरणासन्न तळे सांभाळावयास घेतले. उत्तरेकडील जक्कूर तळ्यात शुद्ध केलेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळून सोडले जाते. त्यामुळे तळे उन्हाळ्यातही भरलेले राहते आणि भोवतालच्या विहिरींना पाझर मिळतो.

मात्र या कार्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. काठावरचे लोक गाळ काढतील, कचरा रोखतील, पहारा करतील. परंतु तळ्याला पाणी आणणारा ओढा दुसऱ्याच वस्तीतून येतो. त्यावरील अतिक्रमण हटविणे आणि त्यात सांडपाणी सोडू न देणे हे शासनाचेच कर्तव्य आहे. नागरिकांच्या उत्साहाकडे बोट दाखवून शासनाला ते टाळता येणार नाही. उलट, राखणदारांनीही तळ्याला कुंपण घालून ते केवळ सकाळच्या फेरफटक्याचे स्थान करू नये. कोळी, धोबी आणि गुरे राखणारे यांचा तळ्यावरील हक्क फिरावयास येणाऱ्यांच्या हक्काहून जुना आहे. त्यांना वगळून राखलेले तळे सुंदर दिसेल, पण ते गावाचे राहणार नाही.

जेथे तळे उरलेच नाही तेथे काय करावे? जलमंडळाच्या कायद्यातील २००९ च्या दुरुस्तीने ठराविक आकाराहून मोठ्या जागेवरील घरांना पावसाचे पाणी साठविणे वा जमिनीत मुरविणे बंधनकारक केले. यशवंतपूरच्या दाट वस्तीत नवे तळे खोदण्यास जागा मिळणे कठीण. पण तेथील प्रत्येक छप्पर हे एक लहानसे पाणलोट क्षेत्रच आहे. पाऊस केव्हा आणि किती पडावा हे कोणतीही गल्ली ठरवू शकत नाही. पडलेल्या पावसाचे काय करावयाचे, हे मात्र तिला ठरविता येते.