‘वय झालं’ म्हणून थांबू नका

भिवंडीजवळच्या कोनमध्ये माझं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, आधार, पेन्शन, हयातीचा दाखला, सगळी कामं चालतात. म्हाताऱ्या माणसाला घेऊन आलेल्या घरच्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, ‘आता वय झालं, असंच चालायचं.’ या वाक्यापायी किती घरांचा हक्काचा पैसा बुडतो, ते मी रोज बघते. म्हणून हा लेख.

भिवंडीच्या यंत्रमागांवर तीस-चाळीस वर्षं काढलेली माणसं आमच्या आजूबाजूला आहेत. मागांच्या खडखडाटात कान गेलेले, उभ्याने पाळी करून गुडघे गेलेले, काहींची एक बाजू लकव्याने गेलेली. घरच्यांच्या लेखी ते म्हातारपण असतं. कायद्याच्या लेखी मात्र ते दिव्यांगत्व असू शकतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांना वयाची अट नाही. ऐंशीव्या वर्षी अधू झालेला माणूसही, मोजमापात ४० टक्के भरला, तर जन्मापासून अधू असलेल्या माणसाइतकाच दिव्यांग.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. ६५ वर्षांपुढच्या गरिबांसाठी आपल्या राज्यात श्रावणबाळ योजना आहे, महिना १,५०० रुपयांची. त्याहून लहान वयाच्या निराधारांसाठी आणि दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार योजना. या दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५पासून २,५०० रुपये झालं. म्हणजे श्रावणबाळ घेणारी एखादी आजी दिव्यांग असेल, पण तहसीलच्या नोंदीत फक्त ‘वृद्ध’ असेल, तर तिचे दरमहा हजार रुपये जातात. वर्षाचे बारा हजार. हे हजार रुपये मिळवायची किल्ली एकच, दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र.

त्यासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि दिलेल्या तारखेला सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. लकव्यासारख्या आजारात, प्रकृती स्थिर झाल्यावर या, असं डॉक्टर सहसा सांगतात. तोवरचे सगळे केसपेपर जपून ठेवा. कार्ड हातात आल्यावर त्याची प्रत तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत देऊन पोच घ्या. यूडीआयडी आणि तहसील, दोन्हीकडच्या याद्या आपोआप जुळतील या भरवशावर राहू नका.

तपासणीला जाताना रोज सांभाळणारं माणूस सोबत हवं. का, ते सांगते. एका आजींना मी विचारलं, ‘आजी, सगळं जमतं ना तुमचं तुम्हाला?’ त्या ताठ बसून म्हणाल्या, ‘जमतं की! कुणावर ओझं नाही माझं.’ मग मी सुनेकडे वळले. अंघोळ कोण घालतं? मीच. साडी? तीही मीच नेसवते. संडासला? धरून न्यावं लागतं. खाटेवरून उठतात एकट्या? नाही. रात्री अंथरूण ओलं होतं? सून गप्प राहिली, मग मान हलवली. जेवतात मात्र स्वतःच्या हाताने. अंघोळ, कपडे, शौच, उठबस, लघवी-संडासवर ताबा आणि जेवण, याच सहा गोष्टी सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली मांडलेल्या मोजपट्टीत आहेत आणि जगभर त्या वापरतात. आजी सहापैकी पाच गोष्टींत दुसऱ्यावर अवलंबून होत्या, आणि उत्तर होतं, ‘जमतं की.’ मानी माणसं अशीच बोलतात. त्यांचा मान राखूनच, पण डॉक्टरांपुढे खरं चित्र कुणीतरी मांडायला हवं.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभर केलेल्या पाहणीत, साठीपुढच्या दर चार माणसांमागे जवळपास एकाला रोजच्या अशा एखाद्या तरी कामात अडचण होती.

आता अडचणीचं बोलू. कोनहून भिवंडीला एरवी शेअर रिक्षा पुरते. लकवा झालेल्या माणसाला स्पेशल रिक्षा करावी लागते, उचलायला मुलगा लागतो, त्याचा खाडा होतो. माग चालवून झिजलेली बोटं अंगठ्याच्या मशीनवर उमटत नाहीत. आणि सगळ्यात मोठी भिंत उत्पन्नाची. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. गोदामात हमाली करणारा मुलगाही याहून जास्त कमावतो. तेवढ्यावर म्हातारा बाप अपात्र ठरतो.

तरी दारं बंद होत नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण झालेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात, उत्पन्नमर्यादा दोन लाख. ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याची मागणी ग्रामसभेत लेखी करा. आणि मुलं ऐपत असून बघत नसतील, तर आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. कुठे जावं तेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे.

हे सगळं मिळूनही एक खर्च कुणी धरत नाही, तो म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचा. त्या आजींच्या सुनेने गोदामातलं पॅकिंगचं काम सोडलं आहे. घरातला एक पगार बंद, वर डायपर, औषधं, चादरी धुवायचा साबण. सोंग कशाचंही आणता येतं, पैशाचं आणता येत नाही. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला. जर्मनीत घरच्या माणसांनी सांभाळलं तरी रोख भत्ता मिळतो. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. २०१६च्या कायद्याच्या २४व्या कलमात, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता असावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कलमात दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी, असंही म्हटलं आहे. त्यातलं अनुदान वाढलं. आता सांभाळणाऱ्याची पाळी आहे.

मला सरकारकडून दोन गोष्टी हव्यात. २१,०००ची मर्यादा आजच्या मजुरीकडे बघून ठरवा, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सुनेला, लेकीला, बायकोला तिच्या कामाचा भत्ता द्या. घरच्यांकडून एकच हवं. या आठवड्यात आपल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल, त्याला रोज सांभाळणाऱ्याला त्या सहा गोष्टी विचारा, आणि एकाचंही उत्तर ‘दुसऱ्याच्या मदतीने’ असं आलं, तर केसपेपर एका पिशवीत घालून यूडीआयडीचा अर्ज भरून टाका.