श्यामची आई : श्रव्य आणि दृश्य

गेल्या वैशाखात सुट्टीनिमित्त घरी जमलेल्या नातवंडांपुढे मी 'श्यामची आई' ठेवली, तेव्हा थोरला नातू म्हणाला, "आजोबा, चित्रपट पाहिला आहे, आता पुस्तक कशाला?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, प्रामाणिक होता. उत्तर देण्यासाठी मला पुस्तक पुन्हा वाचावे लागले व चित्रपटही पुन्हा पाहावा लागला.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी काव्याचे दृश्य व श्रव्य असे दोन भेद सांगितले आहेत. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेली ही कथा मुळातच श्रव्य आहे. आश्रमात सायंप्रार्थना आटोपल्यावर श्याम मित्रांस आईच्या आठवणी सांगतो. म्हणून प्रकरणांस नाव 'रात्र'. अशा रात्री बेचाळीस. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तिला दृश्य रूप दिले. ते पाहावयास गुरुजी उरले नव्हते. १९५० च्या जूनमध्येच ते निवर्तले. पुढल्या वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथम मिळाले ते याच चित्रपटाला.

दोघेही हाडाचे शिक्षक. गुरुजी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात शिकले व पुढे अमळनेरास शिकवू लागले. अत्रे पुण्याच्या कॅंपातील शाळेचे मुख्याध्यापक होते. परंतु प्रकृती भिन्न. गुरुजींचे डोळे सदैव पाणावलेले, तर अत्र्यांना रडवितानाही हसविल्यावाचून राहवत नसे. पंतोजींच्या शाळेतील छडीचे गाणे आणि द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटास बांधलेल्या चिंधीचे गाणे, ही दोन्ही पुस्तकात नाहीत. पण आज घरोघर श्यामच्या आईची म्हणूनच ओळखली जातात. ही भर कथेस शोभली, असेच म्हटले पाहिजे. शिवाय पोहावयास भिऊन लपलेल्या मुलास हाती शिंपटी घेऊन बाहेर काढणारी आई वनमालाबाईंच्या मुद्रेवर पाहिली म्हणजे कठोरता व माया एकाच क्षणी दिसतात. लेखणीला त्या क्रमाने सांगाव्या लागतात.

मग पुस्तकाचे वेगळे असे काय उरते? पुस्तकात श्याम दोन आहेत. एक चुकणारा बालक आणि दुसरा, आई गेल्यानंतर त्या चुका सांगताना गहिवरणारा प्रौढ. पडद्यावर बालक पुढे येतो, तसा हा दुसरा मागे सरतो. आणि मूळ कथेचा प्राण तर त्याच्या पश्चात्तापातच आहे. चित्रपट आईसाठी रडवितो. पुस्तक आपल्या स्वतःच्या वागण्यासाठी खाली मान घालावयास लावते.

नातवाशी वाद न घालता मी एक बेत सुचविला. रोज दिवेलागणीनंतर एकच रात्र वाचावयाची, अधिक नाही. अठराव्या रात्री 'अळणी भाजी' आली. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. श्रमून रांधणारीचे मन दुखवू नये म्हणून वडील अवाक्षर न काढता जेवतात. पडद्यावर हा केवळ एक मुकाट्याने जेवणारा गृहस्थ दिसेल. त्याच्या मौनाचा अर्थ कोणीतरी सांगावाच लागतो.

वाचता वाचता माझा आवाज अडखळला. त्याच सकाळी आमटी खारट झाली म्हणून मी सर्व पंक्तीसमक्ष सूनबाईंना बोललो होतो. चाळीस वर्षे मुलांना सुविचार लिहून देणारा मी! पुस्तक मिटून म्हणालो, "सूनबाई, सकाळी माझे चुकले." ती काहीच बोलली नाही, पण पदराने डोळे टिपताना मी तिला पाहिले.

चित्रपट एका संध्याकाळी संपतो. पुस्तकातील दोन रात्रींच्या मध्ये एक दिवस असतो, आणि ऐकलेले आचरणात आणावयाचे ते त्या दिवशी. नातवाला त्याचे उत्तर मिळाले की नाही, हे मी विचारले नाही. मात्र एकोणिसाव्या रात्री दिवा लागताच पुस्तक त्यानेच आणून माझ्यापुढे ठेवले.